टेंपरेचरचा काटा खरा की खोटा? घरच्या घरी करायची तपासणी

डॅशबोर्डवरच्या सगळ्या काट्यांत जीव धसकावणारा काटा टेंपरेचरचा. तो चढला की माणूस गाडी बाजूला घेतो, गॅरेजवाल्याला फोन लावतो, आणि तिथून पुढे खर्च कुठवर जाईल याचा नेम नसतो. इंजिन खरंच तापलं असेल तर तो खर्च करावाच लागतो. पण पुष्कळदा इंजिन ठणठणीत असतं आणि बिघाड असतो सेन्सरमध्ये, त्याच्या वायरीत, अर्थिंगमध्ये किंवा मीटरमध्ये. याच्या उलटही घडतं आणि ते जास्त घातक: काटा शांतपणे खाली बसलेला आणि आत इंजिन भाजून निघतंय.

बॉनेट उघडून ऑइल बघण्यापलीकडे ज्यांनी गाडीला हात लावलेला नाही, त्यांनाही जमावी अशा बेतानं ही तपासणी मी मांडली आहे. एक नियम सुरुवातीलाच सांगते. काटा सोडून दुसऱ्या कुठल्यातरी साधनानं तापमान मोजल्याशिवाय काट्यावर विश्वासही ठेवायचा नाही आणि त्याला खोटंही म्हणायचं नाही. आणि ते मोजेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही.

रस्त्यातच काटा चढला तर

तपासणी घरी, गाडी थंड असताना करायची. रस्त्यात असाल तेव्हा काटा खराच आहे असं धरून चाला. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून ब्लोअर फुल करा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. हीटरच्या आत छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. लाल दिवा लागला, वाफ दिसली किंवा कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) गोडसर वास आला तर इंजिन ताबडतोब बंद. खंबाटकी किंवा कशेडीसारख्या घाटात 'वर पोचलो की थांबू' असं म्हणू नका. चढावर इंजिनावर सर्वात जास्त लोड असतो आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकायला तेवढा चढ पुरतो.

हीटरची एक खूण लक्षात ठेवा. इंजिन गरम असताना हीटरमधून अचानक थंड हवा यायला लागली तर कूलंट बहुधा कमी झालेलं असतं. अशा वेळी काटा खाली आला तरी गाडी पुढे नेऊ नका. सेन्सरचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असलं तरच तो खरं सांगतो. पातळी उतरली की ते टोक हवेत उघडं पडतं, पुरतं तापत नाही, आणि काटा 'थंड' दाखवतो. वर चढलेला काटा झपकन खाली पडला तर इंजिन निवलं असं समजून लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि गाडी दामटतात. हेड गॅस्केट (हेडखालचं सील) जायला ही एक चूक पुरे होते.

गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे झाकण आत साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि तेच कूलंट क्षणात उकळून अंगावर येतं. रेडिएटरचा वरचा होज पाइप हाताला गार लागेपर्यंत आणि चिमटीत सहज दबेपर्यंत थांबा, मग अर्धा तास जावो की तास. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

इन्शुरन्सच्या भरवशावर गाडी पुढे रेटू नका. आपल्याकडच्या नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि त्यातून पुढे झालेलं नुकसान धरलेलं नसतं.

काय काय लागेल

- ओनर्स मॅन्युअल. मिळालं तर त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअलही, कारण सेन्सरच्या रेझिस्टन्सचा तक्ता त्यात असतो.
- मागच्या दोन-तीन सर्व्हिसिंगची बिलं. कूलंट, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप, मीटर यांपैकी कशाला हात लागला होता ते त्यावरून कळतं.
- वॉरंटीचे कागद. गाडी वॉरंटीत असेल तर खालच्या पाचव्या पायरीनंतर थांबा आणि मिळालेले आकडे लिहून घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. वायरीला स्वतः हात लावू नका.
- ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावून इंजिनाचे आकडे फोनवरच्या ॲपमध्ये दाखवणारा छोटा डबा. ईएलएम३२७ या नावानं काहीशे रुपयांत मिळतो. साध्या ब्लूटूथचे स्वस्त अडॅप्टर आयफोनला जोडले जात नाहीत, त्यासाठी वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला घ्या.
- इन्फ्रारेड थर्मोमीटर, ३०० अंशांच्या पुढे मोजणारा. कोविडच्या काळात घेतलेला कपाळावर धरायचा थर्मोमीटर इथे निरुपयोगी आहे. तो शरीराच्या तापमानाच्या आसपासचंच मोजतो आणि पुढे नुसतं 'हाय' दाखवतो.
- डिजिटल मल्टिमीटर आणि ३३० ओहमचा एक रेझिस्टर.
- जंप केबल, बारीक सँडपेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, काळी इन्शुलेशन टेप, व्हॅसलिन.

मल्टिमीटर आणि रेझिस्टरसाठी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्या आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड या खात्रीच्या जागा. रेझिस्टर अगदी किरकोळ किमतीत येतो, दोन-चार जादा घेऊन ठेवा.

१. आपला काटा कुठल्या प्रकारचा ते ओळखा

थर्मोस्टॅटच्या हाउसिंगजवळ, म्हणजे वरचा होज पाइप इंजिनाला जिथे मिळतो त्या भागात, सेन्सर शोधा. काही गाड्यांत तो हेडच्या बाजूला असतो. एकच तार असलेला सेन्सर दिसला तर तो थेट मीटरच्या काट्याला जोडलेला असतो आणि त्याचं अर्थिंग त्याच्या आट्यांतून, इंजिनाच्या धातूतून होतं. १९९० आणि २००० च्या दशकांतल्या बऱ्याच गाड्यांत अशी रचना आहे, आणि त्यांत ईसीयूसाठी (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरसाठी) दोन तारांचा दुसरा सेन्सर वेगळा असतो. अलीकडच्या गाड्यांत बहुधा एकच सेन्सर असतो. तो ईसीयूला तापमान सांगतो, आणि काटा कुठे ठेवायचा ते ईसीयू ठरवतो.

हा फरक नीट समजून घ्या, कारण ईसीयूच्या हुकमावर चालणारा काटा मुद्दाम 'थंडा' केलेला असतो. कूलंटचं तापमान साधारण ८० पासून १०५ अंशांपर्यंत कितीही हललं तरी तो मध्यावरच ठेवला जातो, नाहीतर प्रत्येक सिग्नलला आणि प्रत्येक चढाला काटा हलताना बघून लोक सर्व्हिस सेंटरला धावले असते. नेमके आकडे मॉडेलनुसार बदलतात. म्हणजे असा काटा मध्यावर आहे यावरून इंजिन ८५ वर आहे की १०४ वर ते कळत नाही. आणि तो मध्याच्या वर सरकू लागला की हातात फार वेळ नसतो. जुन्या गाडीच्या काट्यासारखी आगाऊ सूचना त्याच्याकडून मिळत नाही.

काही गाड्यांत काटाच नसतो. होंडा जॅझसारख्या गाडीत इंजिन थंड असताना निळा दिवा आणि जास्त तापलं की लाल, एवढंच. तिथे तर ओबीडीशिवाय मधलं काहीच कळायचा मार्ग नाही.

२. काट्याची चाल लिहून काढा

लहान गाडीतही चार-पाच लिटर कूलंट असतं, शिवाय इंजिनाचा सगळा धातू. एवढं सगळं एका सेकंदात तीस अंशांनी तापूही शकत नाही आणि निवूही शकत नाही. त्यामुळे काटा झटक्यात हलला तर कारण एक तर विजेचं असतं, नाहीतर सेन्सरपाशी हवा किंवा वाफ आलेली असते. खरं तापमान हळूहळू चढतं.

दोन-चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि काटा कधी, किती वेगानं, काय केल्यावर हलतो ते टिपून ठेवा. चावी फिरवल्या फिरवल्या, इंजिन थंड असताना, काटा टोकाला गेला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय किंवा सेन्सर आतून शॉर्ट झालाय. काटा खालून उठतच नाही तर वायर तुटलीय, सेन्सर मेलाय किंवा कूलंट नाही. खड्ड्यात गाडी आदळली की हलतो तर कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग) सैल आहे. पावसानंतर किंवा गाडी धुऊन आणल्यावर बिघडतो तर कपलरमध्ये पाणी गेलंय. हेडलाइट किंवा ब्लोअर लावला की चढतो, बंद केला की उतरतो, तर सरळ आठव्या पायरीवर जा.

ट्रॅफिकमध्ये हळूहळू चढतो आणि मोकळ्या रस्त्याला उतरतो, तर तो बहुधा खरं सांगतोय. रेडिएटरचा फॅन, त्याचा रिले किंवा फॅनची मोटर बघायला हवी. हायवेला खूप खाली राहतो आणि गावात मध्यावर येतो, तर तेही खरंच आहे. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय. काटा मिनिटा-दोन मिनिटांनी वर-खाली होत राहतो आणि हीटरही कधी गरम कधी गार फेकतो, तर सिस्टीममध्ये हवा अडकली आहे.

सोबत पेट्रोलचा काटाही चुकीचं दाखवायला लागला असेल तर ती फार मोलाची खूण. ती दहाव्या पायरीत आहे.

३. सकाळी, थंड गाडीवर

गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी. आधी कूलंट बघा, रेडिएटरच्या आतलं आणि शेजारच्या बाटलीतलं, दोन्ही. नुसती बाटली बघून समाधान मानू नका. झाकण खराब असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं होऊ शकतं. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, दाबाची बाटली असते, त्यांत बाटलीवरच्या खुणा पुरेशा आहेत. कूलंट कमी निघालं तर काट्याची तपासणी इथेच थांबवा. गळती शोधा, भरून घ्या, हवा काढा, मग पुढे जा. भरलेलं पुन्हा पुन्हा कमी होत असेल आणि बाहेर कुठेच ओल दिसत नसेल, ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसत असेल किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सुटत राहत असेल, तर तो हेड गॅस्केटचा विषय आहे, काट्याचा नाही.

कूलंट ठीक असेल तर ओबीडी अडॅप्टर लावा. आपल्याकडे २०१३ पासूनच्या बहुतेक गाड्यांत तो चालतो. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट असतं, पण ॲपला उत्तर मिळत नाही. सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या वरच्या बाजूला असतं. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. ॲपमध्ये कूलंटचं तापमान आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेइतके हवेत. तीन-चार अंशांचा फरक चालतो. बाहेर २२ अंश असताना कूलंट ४५ किंवा उणे १० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलते, हे इंजिन सुरू न करताच सिद्ध झालं. ही मला सर्वात आवडणारी चाचणी आहे. दोन मिनिटं लागतात, काही उघडावं लागत नाही आणि निकाल स्पष्ट येतो.

एक अडचण आहे. काट्याचा सेन्सर वेगळा असलेल्या गाडीत ओबीडी फक्त ईसीयूच्या सेन्सरचं सांगतं, काट्याच्या नाही. त्या गाड्यांत ओबीडीला काट्याविरुद्धचा स्वतंत्र साक्षीदार समजा. एकच सेन्सर असेल तर मात्र काटा आणि ओबीडी दोघंही एकाच तोंडानं बोलतात, म्हणून पुढची पायरी हवी.

४. खरं तापमान मोजा

इंजिन चालू करून आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, तापू द्या. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये नको. मफलर, ओढणी, सैल बाह्या आवरून घ्या, फॅन कधीही आपोआप सुरू होतो.

इन्फ्रारेड थर्मोमीटर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर, सेन्सरच्या शक्य तितक्या जवळ धरायचा. बहुतेकांचं मोजमाप इथे फसतं: चकचकीत ॲल्युमिनियमवर हा थर्मोमीटर खूप कमी आकडा दाखवतो. ९० अंशांच्या धातूवर ५०-६० सुद्धा दिसू शकतं आणि माणूस 'इंजिन तर थंड आहे, काटाच खोटा' असा उलटा निष्कर्ष काढतो. म्हणून गाडी थंड असतानाच त्या जागी काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा नीट चिकटवून ठेवा आणि नेम त्या टेपवर धरा. थर्मोमीटर जवळ न्या. लांबून धरला तर तो आजूबाजूचाही भाग मोजतो. बाहेरचा धातू आतल्या कूलंटपेक्षा थोडा गारच असतो, त्यामुळे पाच ते दहा अंशांचा फरक धरून चाला. रबरी होजवर हा फरक आणखी पडतो.

त्याच वेळी वरच्या होज पाइपवर लक्ष ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर सुरुवातीची काही मिनिटं होज गारच राहतो आणि कूलंट ८०-९० च्या घरात पोचलं की थोड्याच वेळात चांगला तापतो. (बऱ्याच थर्मोस्टॅटवर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, ८२ किंवा ८८ असे आकडे नेहमी दिसतात.) सुरुवातीपासूनच होज हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे किंवा नाहीच. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजकडे असतो, तिथे हेच निरीक्षण खालच्या होजवर करा.

मग फॅनची वाट बघा, एसी बंद ठेवून. बहुतेक गाड्यांत तो ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान कधीतरी सुरू होतो, तापमान काही अंश खाली आणतो आणि बंद होतो. हे चक्र दोन-तीनदा होऊ द्या आणि प्रत्येक वेळी तीन आकडे लिहा: टेपवरचं तापमान, ओबीडीवरचं तापमान, काट्याची जागा.

५. आकडे काय सांगतात

टेपवर ९०, ओबीडीवर ९५, फॅन वेळेवर फिरतोय आणि काटा लालपाशी: इंजिन निरोगी आहे. काट्याच्या बाजूचा बिघाड आहे, पुढे जा.

टेपवर ९०, पण ओबीडी आणि काटा दोघंही भलतंच दाखवतायत: सेन्सर किंवा त्याचा कपलर. हा बिघाड नुसता दिखाऊ नाही. सेन्सर खोटं थंड सांगत असेल तर ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो, मायलेज घसरतं आणि फॅन उशिरा लागतो. खोटं गरम सांगत असेल तर सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते, फॅन विनाकारण फिरतो आणि काही गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर मध्येच बंद केला जातो. एसीवाल्याकडे गॅस भरायला जाण्याआधी हे बघून घ्या.

टेपवरच १०५ च्या पुढे आकडा चढतोय: काटा खरा आहे. इंजिन बंद करा. आता शोध कूलंट, फॅन, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर आणि हेड गॅस्केट यांचा घ्यायचा. तो या लेखाचा विषय नाही आणि नवख्यानं एकट्यानं करायचंही काम नाही.

ओबीडीच्या ॲपमध्ये बिघाडाचे कोड वाचायला विसरू नका. पी०११७ म्हणजे सेन्सरचा सिग्नल फार कमी, बहुधा शॉर्ट. पी०११८ म्हणजे फार जास्त, बहुधा वायर तुटलेली किंवा कपलर सुटलेला. पी०११६ म्हणजे आकडा ईसीयूला पटत नाही. पी०१२८ म्हणजे इंजिन हवं तेवढं तापत नाही, आणि त्यात पहिला संशय थर्मोस्टॅटवर घ्यायचा. कोड कुठल्या सर्किटकडे बघायचं ते सांगतो, कुठला पार्ट विकत घ्यायचा ते सांगत नाही.

६. कपलर आणि वायर

इंजिन थंड, चावी काढलेली. सेन्सरचा कपलर काढून आत बघा. हिरवट-पांढरा गंज, ओल, वाकलेली पिन, तुटलेली क्लिप. हे सेन्सर गरम झाले की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो, आणि गंजानं मधे रेझिस्टन्स वाढतो. म्हणून गंजलेला कपलर इंजिनाला आहे त्यापेक्षा थंड दाखवतो. कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवा, सुकू द्या, घट्ट बसवा.

मग वायर हातानं चाचपत जमेल तितकी मागे जा. आपल्याकडे वायरींचा मोठा शत्रू उंदीर. पार्किंगमध्ये आठवडाभर उभी राहिलेली गाडी असेल तर वायरीवरची टेप कुरतडलेली आहे का ते नीट बघा. वॉशिंग सेंटरला इंजिन धुताना जेटचा मारा कपलरवर पडणार नाही हेही सांगत चला.

७. सेन्सरचा कपलर काढा, काटा काय म्हणतो ते बघा

एका तारेचा सेन्सर असेल तर: कपलर काढा, चावी ऑन करा. बहुतेक गाड्यांत काटा तळाशी बसायला हवा. आता ती तार क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा. काटा गरमकडे निघाला की लगेच काढून घ्या, टोकापर्यंत धरून ठेवू नका. दोन्ही वेळा काटा बरोबर वागला तर मीटर आणि वायर चांगली आहेत, दोष सेन्सरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. तार काढूनही काटा वरच राहिला तर वायर वाटेत कुठेतरी बॉडीला टेकतेय किंवा मीटर बिघडलंय.

दोन तारांचा सेन्सर असेल तर तारा धातूला टेकवू नका. कपलरच्या दोन पिनांमध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर बसवा आणि ओबीडी बघा. पुष्कळ गाड्यांतले हे सेन्सर २० अंशांना साधारण २५०० ओहम, ८० ला सव्वातीनशेच्या आसपास आणि १०० ला १९० च्या जवळपास असतात. म्हणजे रेझिस्टर लावल्यावर ८० च्या आसपास आकडा दिसायला हवा. दिसला तर वायर आणि ईसीयू निर्दोष, सेन्सर बदला. आपल्या मॉडेलचा तक्ता वेगळा असेल तर अर्थात तोच प्रमाण. कपलर उघडा असताना फॅन जोरात सुरू झाला तर घाबरू नका. सेन्सर हरवला असं समजून ईसीयू सावधगिरीनं तसं करतो. ही चाचणी झाली की कोड पुसावा लागेल.

८. अर्थिंग

या पायरीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण काट्याचे सर्वात महागडे गैरसमज इथूनच होतात.

आमची जुनी हॅचबॅक वर्षानुवर्षं रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत उभी असायची. तिचा काटा दिवसा शहाण्यासारखा वागायचा आणि रात्री चढायचा. एका गॅरेजनं हेड उघडायचा सल्ला दिला, दुसऱ्यानं रेडिएटर बदलायला सांगितलं. रात्री हवा गार असते, मग इंजिन रात्रीच का तापावं हा प्रश्न दोघांपैकी कोणी विचारला नाही. रात्री हेडलाइट लागत होते, एवढाच फरक होता. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून अर्धी झाली होती.

यामागचं कारण असं. वीज तयार करणारा अल्टरनेटर इंजिनावर बसलेला असतो आणि हेडलाइट, ब्लोअर यांचं अर्थिंग बॉडीवर असतं. त्यांचा सगळा करंट त्या पट्टीतून इंजिनाकडे परत जातो. पट्टी खराब असेल तर तिच्यावर व्होल्टेज पडतं, इंजिन आणि बॉडी एका पातळीवर राहत नाहीत, आणि एका तारेचा सेन्सर इंजिनाच्या धातूवर टेकलेला असल्यानं मीटरला तो जास्त गरम वाटतो. जितका लोड, तितका काटा वर.

तपासायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवून हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर, सगळं लावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा (क्लॅम्पवर नको, खांबावर) आणि लाल प्रोब इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. उणे चिन्ह आलं तरी चालेल, आकडा बघा. ०.१ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.२ च्या वर गेला तर अर्थिंग खराब. मग लाल प्रोब बॉडीवर टेकवून हेच पुन्हा करा.

मल्टिमीटर नसेल तर जंप केबल काढा. केबलचं एक टोक इंजिनाच्या उचलायच्या हुकला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, इंजिनाचे फिरणारे पट्टे आणि फॅन यांच्यापासून लांब. केबल लावली की काटा खाली आला, तर बिघाड सापडला.

दुरुस्तीसाठी आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पट्टीचे दोन्ही बोल्ट उघडा, खालचा रंग-गंज सँडपेपरनं घासून धातू उघडा करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन फासा. पट्टी झिजली असेल तर नवी घाला. कोकणात किंवा गोव्यात गाडी राहत असेल तर पावसाळ्यानंतर एकदा हे बोल्ट बघत जा.

एका तारेच्या सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे घातलेले असतील तर तेही अर्थिंग तोडतात आणि काटा खाली राहतो. 'नवा सेन्सर घातला तरी काटा उठत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा ही टेप असते.

९. सेन्सर गरम पाण्यात

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सेन्सर काढा. थोडं कूलंट सांडेल, खाली ट्रे ठेवा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनी चाटण्याआधी पुसून पाणी मारा. मल्टिमीटरच्या तारा सेन्सरला जोडा, फक्त टोक पाण्यात बुडवा, पाणी तापवत जा आणि थर्मोमीटरच्या दर दहा अंशांना ओहम लिहा. एका तारेच्या सेन्सरमध्ये एक प्रोब पिनला, दुसरी आट्यांना. आकडा सलग उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर सेन्सर बाद.

उकळतं पाणी म्हणजे १०० अंश असं गृहीत धरू नका. पुण्या-नाशकात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरात ९५-९६ ला. तक्त्यातल्या १०० च्या आकड्याशी तुलना करून चांगला सेन्सर टाकून द्याल. या कामाला वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

टोकावर क्षारांचा जाड थर दिसला तर तो सेन्सरला उशिरा जाग आणतो. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घातल्याची ती खूण. कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

१०. मीटर

इथवर सगळं ठीक निघालं तर उरतं मीटर. ऐंशीच्या दशकापर्यंतच्या पुष्कळ गाड्यांत पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा काटा व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या एकाच छोट्या स्टॅबिलायझरवर चालतात. तो बिघडला की दोन्ही काटे एकदमच वर किंवा एकदमच खाली जातात. दोन्ही सेन्सर एकाच दिवशी खराब होत नाहीत, तेव्हा स्टॅबिलायझर आणि मीटरचं अर्थिंग बघायला सांगा. नव्या गाड्यांत मीटर उघडणं घरी करू नका. मीटरचं काम करणाऱ्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तुमचे लिहिलेले आकडे घेऊन जा, त्याचे दोन तास वाचतील.

गॅरेजमध्ये कशाला नाही म्हणायचं

'थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडच्या हवेत लागत नाही.' नाही. त्यानं काटा खाली येतो आणि गिऱ्हाईक खूश होतं, पण इंजिन हवं तेवढं तापत नाही, मायलेज जातं, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसल्यावर बायपास उघडा राहतो आणि चढावर गाडी आणखी तापते.

'फॅन डायरेक्ट करून देतो.' रस्त्यात अडकला असाल तर घरी पोचण्यापुरतं ठीक. कायमचं नको, मूळ बिघाड त्याखाली लपतो.

'हेड उघडूनच कळेल.' तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचे आकडे त्याच्यासमोर ठेवा. हेड गॅस्केटचा संशय असेल तर उघडण्याआधी कूलंटमध्ये जळलेला गॅस येतो का ते रसायनानं तपासता येतं. निळं रसायन पिवळं पडलं तर गॅस आहे. ती चाचणी आधी करून मागा.

११. नवा सेन्सर बसवल्यावर

नवं सील घाला, मॅन्युअलमध्ये दिलं असेल तेवढंच आवळा. पितळी आटे ॲल्युमिनियममध्ये जोरानं आवळले तर हाउसिंगच फुटतं. कूलंट भरून हवा काढा. हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा, बुडबुडे थांबेपर्यंत आयडल, फॅन दोनदा लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना पातळी पुन्हा बघा, ती थोडी उतरलेली असतेच. कोड पुसा आणि थंड गाडीची तिसरी पायरी पुन्हा करा.

शेवटी एक चढ घ्या. ओबीडी चालू ठेवून फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या, गाडी चालवणाऱ्यानं बघायचं नाही. सपाट रस्ता, ट्रॅफिक, चढ, एसी चालू, एसी बंद, अशा प्रत्येक वेळी काटा कुठे आणि आकडा किती ते त्यानं लिहावं. तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये मॅन्युअलसोबत ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात काटा हलल्यासारखा वाटला तर ताडून बघायला तुमच्याच गाडीचे आकडे हाताशी असतील.